दुसऱ्या गल्लीचा फ्यूज

शिडी लागली होती. लाइन बंद केली होती. आमचे लाइनमन उईकेभाऊ कोयता कमरेला खोचून वर चढायच्या तयारीत होते. अडचण एकच होती. शिडीच्या पायथ्याशी, कडुनिंबाच्या बुंध्याला पाठ टेकवून, तुरकर गुरुजी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि निवांत पेपर वाचत होते.

"गुरुजी, खुर्ची जरा बाजूला घ्या," मी म्हणाले.

"नोटीस दाखवा."

मी दाखवली. गुरुजी दवनीवाड्याच्या शाळेतून रिटायर झालेले. त्यांनी खिशातून लाल पेन काढला आणि आमच्या ऑफिसची नोटीस तपासायला घेतली.

"'झाडाच्या फांद्या तोडनी.' इथे न नळाचा नाही, ण बाणाचा. आणि 'अडथळा' मधला थ कुठे गेला? सही तुमची आहे?"

"सही माझी, टायपिंग ऑफिसचं."

"सही करण्याआधी वाचत चला, मॅडम."

उईकेभाऊ शिडीवर एक पाय ठेवून म्हणाले, "मॅडम, मी वर जाऊ का खाली येऊ? लाइन बंद हाय. लोकं फोन करून राहिले."

मी वीज कंपनीत सहायक अभियंता आहे. आडनाव कापगते. आमच्या अर्जुनी मोरगावकडे या आडनावाची घरं भरपूर आहेत, तिथे कोणी त्याचा विचार करत नाही. पण मे महिन्यात फांद्या तोडायची गाडी घेऊन एखाद्या गल्लीत शिरले आणि कोणी नाव विचारलं, की लोक एकमेकांकडे बघतात. गुरुजींनीही बघितलं होतं.

ही गोष्ट चार उन्हाळ्यांपूर्वीची, गोंदियाजवळच्या कुडव्यातली. तिथल्या एका कॉलनीत दोन गल्ल्या आहेत. दोन्ही गल्ल्यांना एकाच डीपीवरून वीज जाते. डीपी म्हणजे खांबांवर बसवलेला तो राखाडी ट्रान्सफॉर्मर. डीपीच्या पेटीतून प्रत्येक गल्लीची वेगळी लाइन निघते आणि प्रत्येक लाइनला वेगळे फ्यूज असतात. त्या मे महिन्यात दुसऱ्या गल्लीचा फ्यूज रोज दुपारी उडत होता. दोन-अडीचच्या सुमारास. माझा मोबाइल त्याच वेळेला वाजायचा, त्यामुळे मला घड्याळ बघावं लागत नसे.

फोन करणारे हरिशभाऊ लिल्हारे. दुसऱ्या गल्लीचे पुढारी. टाइल्स आणि पेव्हिंग ब्लॉकचं दुकान आहे त्यांचं. स्वतःची गल्ली त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत, भिंतीपासून भिंतीपर्यंत, लाल-पिवळ्या ब्लॉकनी मढवून घेतली होती. मातीचा कण दिसत नव्हता. कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या गल्लीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'हमारी गल्ली, चकाचक गल्ली.' नवीन गिऱ्हाइकाला ते आधी दुकान दाखवत, मग गल्ली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. दुसऱ्या गल्लीची लाइन पहिल्या गल्लीच्या कोपऱ्यावरून वळते. कोपऱ्यावर गुरुजींचा कडुनिंब. फांद्या तारेला लागतात, म्हणून फ्यूज उडतो. त्यांनी अर्ज लिहिला, सगळ्या गल्लीच्या सह्या घेतल्या आणि अर्ज माझ्याकडे न देता थेट आमच्या साहेबांकडे दिला. साहेब पुण्याहून बदलून आलेले, उन्हाळा पहिलाच. त्यांनी मला बोलावलं.

"कापगते, झाड आहे ना? तोडून टाका."

"सर, आपल्याला तारेजवळच्या फांद्या छाटता येतात. अख्खं झाड तोडायला वेगळी परवानगी लागते."

"मग छाटा. मला उद्या हा फोन नकोय."

म्हणून आम्ही शिडी घेऊन गेलो होतो. शेवटी गुरुजींनी खुर्ची हलवली, पण उठले नाहीत. दहा पावलांवर बसून ते उईकेभाऊंना सूचना देत राहिले. ती फांदी नको, त्या बाजूची घ्या. अर्धी ठेवा. उईकेभाऊ सव्वीस वर्षं खांबावर चढत आहेत. त्यांनी एकदाही खाली बघितलं नाही, फक्त म्हणाले, "गुरुजी, कटिंग करून राहिलो, टक्कल नाई करत."

पहिल्या गल्लीतली सगळी झाडं गुरुजींनी लावलेली. कॉलनी पडली तेव्हा तिथे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं होती. गुरुजींनी प्लॉट घेतला आणि घराचा पाया भरण्याआधी झाडं लावली. करंज, कडुनिंब, एक-दोन बकुळी. त्यात कोपऱ्यावरचा कडुनिंब त्यांनी बरोबर तारेखाली लावला. मी ते बोलून दाखवलं तर म्हणाले, "झाड आधीचं आहे. तार तुम्ही नंतर आणली." हे खरं होतं की नाही, हे सांगणारं कोणी ऑफिसात आता उरलेलं नाही.

फांद्या छाटल्या. तार आणि झाड यांत चांगलं हातभर अंतर राहिलं. लाइन सुरू केली. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला फोन वाजला.

"मॅडम, गई फिर से," लिल्हारे म्हणाले. "मी तं पैलेच बोललो होतो. ऊपर ऊपर से काटके क्या होगा? जड़ से निकालो."

मला इथे थांबून विचार करायला हवा होता. खरं म्हणजे तो आधीच करायला हवा होता. झाडामुळे फ्यूज जातो तेव्हा वारा असतो. फांदी हलते, दोन तारा एकमेकींना लागतात, ठिणगी पडते. ते वादळात होतं. नवतपा चालू होता. नवतपा म्हणजे मे अखेरचे ते नऊ दिवस, ज्यात आमच्याकडे पानसुद्धा हलत नाही. पान न हलता झाड फ्यूज उडवतं, हे मी मान्य कसं केलं, याचं उत्तर एवढंच की अर्जावर खूप सह्या होत्या.

मी आणि उईकेभाऊ भर दुपारी डीपीवर गेलो. सोबत टाँग टेस्टर घेतला. हे चिमट्यासारखं यंत्र असतं. केबलभोवती त्याचा जबडा अडकवायचा, की त्या केबलमधून किती करंट जातोय ते दिसतं. पहिल्या गल्लीच्या केबलला लावला. आकडा ठीक होता. दुसऱ्या गल्लीच्या केबलला लावला. आकडा पहिल्याच्या दीडपटीच्याही वर. दोन्ही गल्ल्यांत घरं जवळपास सारखीच. मी यंत्र बिघडलं म्हणून दुसरं मागवलं. त्याने तेच सांगितलं.

"लोड हाय दुसऱ्या गल्लीवर," उईकेभाऊ म्हणाले. "मले तं पैलेच मालूम होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी विचारल्या नाई. साहेब बोलले झाड, तुमी बोलल्या झाड. मी कोयता घेतला."

लोड म्हणजे एका वेळी सगळ्या घरांनी मिळून ओढलेली वीज. ती मर्यादेबाहेर गेली की फ्यूजची बारीक तार वितळते आणि लाइन तुटते. लोकांना वाटतं फ्यूज म्हणजे बिघाड. तो बिघाड नसतो. डीपी जळू नये म्हणून तो स्वतः जळतो. लिल्हारेंनी मला त्यावरही उपाय सुचवला होता, "जाड तार टाकून द्या ना फ्यूजमंदी, झंझटच खतम." जाड तार टाकली असती तर फ्यूज टिकला असता आणि डीपी गेली असती. नवी डीपी यायला उन्हाळ्यात किती दिवस लागतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. आम्हालाही ते आधी कधी माहीत नसतं.

लोड जास्त दिसला की आम्हाला पहिला संशय चोरीचा येतो. तारेवर आकडा टाकून वीज घेणं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या गल्लीत घरोघर फिरले. मीटर बघितले, छत बघितलं, मागची भिंत बघितली. एकही आकडा सापडला नाही. सगळी सरळमार्गी माणसं. वर त्यांचा अपमान झाला तो वेगळा.

"अर्ज आम्ही दिला आणि चोर पण आम्हीच?" लिल्हारेंच्या समोरच्या रांगेतले रहांगडाले म्हणाले. ते बँकेत आहेत, हळू बोलतात, त्यामुळे जास्त लागतं.

पण त्या फेरीत मला दुसरंच काहीतरी कळलं. त्या गल्लीत उभं राहवत नव्हतं. खालून ब्लॉक तापलेले, दोन्ही बाजूंनी भिंती तापलेल्या. लोखंडी गेटला हात लावायची सोय नव्हती, मी पदराने कडी काढत होते. प्रत्येक घरात एसी नाहीतर दोन-दोन कूलर, आणि ते सकाळी दहालाच सुरू. बंद करायचा प्रश्नच नाही, कारण बंद केला की भिंत आत ऊन सोडते. तिथून मी पहिल्या गल्लीत शिरले आणि कोपऱ्यावरच मला बरं वाटलं. तिथेही एसी होते, कूलर होते. पण निम्म्याहून जास्त बंद होते. मी एका घरी विचारलं, तर बाई म्हणाली, "लावतो ना जी, तीन वाजल्यानंतर. आता काऊन लावायचं?"

मी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, यंत्रावर ठेवते. पण यंत्राने आधीच सांगितलं होतं. मला फक्त कारण कळायचं राहिलं होतं.

कारणाचा पुरावा करंजाखाली बसला होता. चार-पाच म्हाताऱ्या बायका सतरंजी टाकून चिंचा फोडत होत्या. त्यातली एक सरकून मला जागा देत म्हणाली, "बस ना मा, पाणी पेतेस का?"

मी बसले. पाणी प्याले. त्या कुठल्या घरच्या ते विचारलं.

"मी त्या गल्लीची. लिल्हारेची माय."

"हरिशभाऊंच्या आई? तुमच्याकडे तर एसी आहे."

"हाय ना. मोठा हाय. पन लाइनच राहत नाई. आन राहली तरी त्या खोलीत कोनासंग बोलू? इथं बरं हाय. रोज जेवन झालं का येतो आमी." मग त्यांनी चिंच खाली ठेवली आणि आवाज बारीक केला. "त्याले सांगू नको. त्याले वाटते मी झोपून राहतो."

मी त्यांना शब्द दिला नाही. मी सरकारी माणूस नाही, कंपनीची आहे, पण खोटा शब्द देणं दोन्हीकडे चालत नाही.

संध्याकाळी लिल्हारेंच्या ओसरीवर बैठक बसली. दुसऱ्या गल्लीतले पंधरा-वीस जण. मी वही उघडली आणि सांगितलं. झाड कारण नाही. तुमच्या गल्लीचा दुपारचा लोड कारण आहे. लगेचचा इलाज म्हणून मी काही घरं एका फेजवरून दुसऱ्या फेजवर घेते. फेज म्हणजे लाइनच्या तीन तारांपैकी एकेक. ओझं एकाच तारेवर जास्त पडलं होतं, ते तिघींत वाटायचं. मोठ्या डीपीचा प्रस्ताव पाठवते, तो मंजूर व्हायला वेळ लागेल. आणि तिसरं म्हणजे, या गल्लीत झाडं लावा.

मग लिल्हारे बोलले.

"मॅडम, तुमी बिजली खात्यातल्या आहात का फॉरेस्टातल्या?"

"बिजली."

"मग झाडाचं कायले बोलून राहिल्या? हमने शिकायत बिजली की की है."

"तुमच्या भिंतीवर ऊन पडलं नाही तर एसी कमी चालेल. एसी कमी चालला तर फ्यूज टिकेल. माझं काम फ्यूजपुरतंच आहे."

"झाडाचा पाला पडतो. गल्ली खराब होते. आपल्या गल्लीत एक पान दिसते का तुमाले?"

"नाही दिसत. माणूसही दिसत नाही. आज दुपारी मी अख्खी गल्ली फिरले, बाहेर एक जण नव्हता."

"धुपकाल्यात कोन बाहेर बसते?"

मी आईंचं नाव घेतलं नाही, वहीचं पान उलटलं. पण आतल्या दारातून आवाज आला.

"मी बसतो," आई म्हणाल्या. "गुरुजीच्या झाडाखाली. तीन वरस झाले."

लिल्हारे मागे वळले. टाइल्सच्या दुकानदाराचा चेहरा असा पडलेला मी पुन्हा कधी बघितला नाही. "माय, तू झोपून राहतेस ना दुपारी?" त्यांनी हळू विचारलं.

"निजू कशी? लाइन जाते, खोली भट्टी होते. तुले दुकानातून बोलवू का? तू काय करशील, टाइल बसवशील?"

कोणीतरी हसलं आणि मग खोकल्याचं सोंग केलं. लिल्हारे हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "किती झाडं लागतील?"

मी ऑफिसला जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कापगते, आपण वीज विकतो. लोकांना ती कमी वापरायला सांगणारी तुम्ही पहिली अधिकारी."

"सर, दुपारचा फोन बंद होईल."

"मग लावा," साहेब म्हणाले.

फेज बदलून दिल्यावर फ्यूज बराचसा टिकला. पावसाळा लागला, धानाची रोवणी सुरू झाली आणि आमच्या झाडांचं काम निघालं. इथून पुढे मला वाटलं होतं काम सोपं आहे. वीस वर्षांच्या नोकरीत मी अनेक लाइनी ओढल्या. त्या ओढताना एवढं भांडण झालं नव्हतं.

झाड सगळ्यांना हवं होतं. समोरच्याच्या दारात. इथे गाडी लागते, इथे गेट उघडतं, इथे तुळस आहे. एकाने वास्तू काढली. ज्यांच्याकडे कारण नव्हतं ते म्हणाले, "आधी बाकीच्यांचं होऊ द्या." लिल्हारेंना उंच, सरळ, शोभेचे अशोक हवे होते. दिसायला ऐटदार, पाला कमी, टाइल्सला शोभतील असे. गुरुजींना सल्ल्यासाठी बोलावलं होतं. ते म्हणाले, "तो झाडाचा खांब आहे. सावली देत नाही. आणि वाढला की सरळ मॅडमच्या तारेत जातो." मी या एका बाबतीत गुरुजींच्या बाजूने बोलले, ते त्यांनी दोनदा बोलायला लावलं.

मग माझं काम सुरू झालं. कुठे काय लावायचं हे वरची तार ठरवते. गल्ली उत्तर-दक्षिण. खांब पूर्वेच्या रांगेत. त्या बाजूला उंच वाढणारं काही चालणार नाही. तिथे पारिजातक, कढीपत्ता, कण्हेर. पश्चिमेच्या रांगेत वर तार नाही, तिथे कडुनिंब, करंज. मी खडूने ब्लॉकवर गोल काढले. गोल काढून झाले तेव्हा पश्चिमेच्या रांगेला हिशेब कळला.

"म्हणजे मोठी झाडं आमच्या दारात," लिल्हारे म्हणाले. त्यांचं घर पश्चिमेच्या रांगेत. "पाणी आमी टाकू. पाला आमच्याकडे पडंल. आन दुपारी सूरज मागून येते, तं सावली जाईल समोर. रहांगडाले साहेबांच्या घरावर."

गणित बरोबर होतं. पूर्वेकडच्या घरांच्या तोंडावर दुपारचं ऊन येतं आणि त्यांनाच त्या झाडांची जास्त गरज होती. रहांगडाले पाणी घालायला येईन म्हणाले, पण इतक्या हळू म्हणाले की लिल्हारेंना ते ऐकू आलं नाही.

"सकाळी सावली आपल्याकडे राहील ना?" लिल्हारेंच्या आईंनी गेटातून विचारलं.

"राहील," गुरुजी म्हणाले. "सकाळी सूर्य समोरून येतो."

"मग सकाळी मी आपल्या दारात बसीन आन दुपारी त्याइच्या ओट्यावर. भांडन कायचं?"

लिल्हारेंनी दुकानातून मजूर बोलावले नाहीत. घरातून सब्बल, म्हणजे पहार, आणली आणि स्वतःच्या दारातले ब्लॉक स्वतः उखडले. पहिले दोन ब्लॉक त्यांनी फार जपून काढले आणि भिंतीशी उभे करून ठेवले. नंतरचे भराभर निघाले. खाली मुरूम, मुरुमाखाली काळी माती निघाली, जुन्या बांधीची. गुरुजींनी ती हातात घेऊन बघितली आणि तिच्यात चूक काढली नाही, हे विशेष.

तिसऱ्या खड्ड्याला सब्बल पाण्याच्या पाइपला लागली. कारंजं उडालं. पुढचे दोन दिवस दुसऱ्या गल्लीत पाणी नव्हतं. लोक सवयीने मलाच फोन करत होते. मी प्रत्येकाला शांतपणे सांगत होते की पाण्याची लाइन आमच्याकडे येत नाही. नोकरीत इतक्या समाधानाने मी फोन फार वेळा उचललेले नाहीत.

झाडं लागली. पहिल्याच महिन्यात बकऱ्यांनी तीन खाल्ली. एक झाड जीप मागे घेताना गेलं. लोकांनी मग भंगारातले जुने कूलर काढले आणि त्यांचे पत्रे नि जाळ्या झाडांभोवती उभ्या केल्या. दिसायला ते भयंकर दिसत होतं. चकाचक गल्लीचा फोटो ग्रुपवरून उतरला. पण बकऱ्या थांबल्या. पुढच्या उन्हाळ्यात रहांगडालेंनी आपल्या एसीच्या पाण्याची नळी गल्ली ओलांडून समोरच्या कडुनिंबाच्या आळ्यात सोडली. ती नळी रस्त्यात लोकांच्या पायात येते, त्यावरून एक वेगळं भांडण अजून चालू आहे.

मोठी डीपीही मंजूर होऊन आली, दुसऱ्या उन्हाळ्याआधी. ती आल्यावर फ्यूज उडायचा प्रश्न तसाही संपला. मी हे मुद्दाम सांगते, कारण लोक मला विचारतात की झाडांनी फ्यूज वाचवला का. पहिली दोन वर्षं तरी नाही वाचवला. तोवर झाडं स्वतःच जेमतेम वाचत होती.

पण मला टाँग टेस्टरची सवय आहे. मी दर मे महिन्यात, दुपारी अडीचला, त्या डीपीवर जाते. तिसऱ्या वर्षी करंजाची सावली रहांगडालेंच्या खिडकीपर्यंत आली. त्या वर्षी दुसऱ्या गल्लीचा आकडा थोडा खाली आला. गेल्या उन्हाळ्यात आणखी थोडा. एका गल्लीवरून सिद्धांत मांडता येत नाही, आणि मोठ्या डीपीने लोड कमी होत नसतो, तो फक्त पेलला जातो. तेव्हा जे काही कमी झालं ते लोकांनी कमी वापरलं. का वापरलं, ते गल्लीत उभं राहिलं की कळतं.

बाकी जे घडलं ते माझ्या यंत्रात मावत नाही. ब्लॉक उखडलेल्या जागी पावसाचं पाणी मुरायला लागलं. आधी श्रावणात त्या गल्लीत घोट्याएवढं पाणी साचायचं, हे त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं, कारण ती माझ्या खात्याची तक्रार नव्हती. दुपारी करंजाखाली कोणाची स्कूटर लागावी यावरून वाद होतात. पाला पडतो आणि लिल्हारे रोज सकाळी तो झाडतात, जाता-येता सगळ्यांना ऐकू येईल असं बोलत. पण एकदा शेजाऱ्याने एक फांदी कमी करू का विचारलं, तर हातातला झाडू त्यांनी तसाच धरून ठेवला आणि म्हणाले, "हात तं लावून पहा." दुकानात त्यांनी मधे गोल भोक असलेले नवे ब्लॉक ठेवलेत, झाडासाठी. गिऱ्हाइकाला सांगतात, "आजकाल यहीच चलता है." दुसऱ्या गल्लीत आता दुपारी सतरंजी पडते. पहिल्या गल्लीतल्या दोघीजणीही तिकडे येऊन बसतात. गुरुजींना ते आवडलेलं नाही.

मागच्या वर्षी साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी जुन्या सगळ्या तक्रारींची माहिती मागवली. फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा होता. 'केलेली उपाययोजना' या रकान्यात लिहायची सोय नव्हती, दिलेल्यातून एक निवडायचं होतं. डीपी बदलणे, केबल बदलणे, फेज समतोल, फांद्या छाटणे. फांद्या वाढवणे असा पर्याय नव्हता. मी बराच वेळ यादी वर-खाली केली आणि सगळ्यात शेवटचा पर्याय निवडला. 'इतर.'

नव्या साहेबांनी विचारलं, "इतर म्हणजे नेमकं काय?"

"सर, झाडं लावली."

"त्याला किती वेळ लागला?"

"खड्ड्यांना एक दिवस. लोकांना तयार करायला दोन महिने. सावलीला तीन वर्षं."

साहेबांनी फॉर्म परत केला आणि म्हणाले, पुढच्या वेळी आधी केबल बदलून बघा, ती आठ दिवसांत होते. त्यांचं चुकलं नाही. केबल आठ दिवसांत होते. पण आजवर कुठल्या केबलखाली सतरंजी टाकून बसलेलं मी कोणाला बघितलं नाही. झाड लावणार असाल तर खड्डा घेण्याआधी एकदा वर बघा, तार आहे का. मग खाली विचारा, पाइप आहे का. मग बकरी कुणाची ते बघा. आणि हे सगळं बघून झाल्यावर समोरच्याचं दार मोजत बसू नका, आपल्या दारात खणा.